अर्धा शब्द गायत्याकडे, अर्धा बाईंकडे

संगणकात काहीही नवं बसवायचं म्हटलं की ते यंत्र आधी पासवर्ड मागायचं. जुनं काही काढायचं म्हटलं तरी तेच. आणि पासवर्ड माझ्याजवळ नव्हता. अर्धा गावच्या गायत्याकडे होता आणि अर्धा एका म्हाताऱ्या बाईंकडे. दोघांनी शेजारी बसून आपापला अर्धा भाग आपापल्या बोटानं टाकल्याशिवाय त्या यंत्रात सुईसुद्धा शिरत नसे. आज मी हे हसत सांगते, पण तेव्हा मला फार राग यायचा.

मी मूळची सावलीची, वैनगंगेकाठच्या धानाच्या पट्ट्यातली. एटापल्लीच्या पुढे दीड तास जंगलातून गेलं की एक लहानसं गाव लागतं, तिथल्या प्राथमिक शाळेत मी अकरा वर्षं शिकवते आहे. माझा स्वभाव तापट आहे, हे घरचे सांगतात आणि गावकरी सांगत नाहीत, एवढाच फरक. त्या गावच्या ग्रामसभेला शहरातल्या एका संस्थेनं आपला वापरलेला संगणक दिला. शाळेच्या छपरावर सोलर होतं म्हणून तो शाळेच्या खोलीत आला, आणि ‘म्याडमले येते’ म्हणून माझ्या गळ्यात पडला.

मला येत होतं ते विंडोज. डबल क्लिक करायचं, मग नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. या संगणकात लिनक्स होतं. संगणक पोचवायला आलेल्या गृहस्थांनी सांगितलं, ‘सोपं आहे, मराठीतसुद्धा आहे.’ मराठीत होतं खरं. प्रोग्राम बसवायचा तर ‘प्रतिष्ठापित करा’ लिहिलेलं यायचं. आता गणपती म्हणा की नकाशाचा प्रोग्राम म्हणा, प्रतिष्ठापना करायची तर पुजारी हवाच, आणि तोही लवकरच आला.

झालं असं, की त्या गृहस्थांनी जाताना विचारलं, ‘पासवर्ड कोण ठेवणार?’ मी हात पुढे करणार तेवढ्यात ग्रामसभा बसली. त्या गावात एकट्याच्या हाती काही द्यायची रीत नाही. ग्रामसभेचे कागद आणि शिक्का ठेवायच्या पेटीला दोन कुलपं आहेत. एक किल्ली गायत्याच्या घरी असते. गायता म्हणजे गावाचा पुजारी. त्यानं पूजा घातल्याशिवाय नवं मोहफूलसुद्धा कुणी घरात आणत नाही. दुसरी किल्ली त्या बाईंच्या घरी. दोघं आल्याशिवाय पेटी उघडत नाही, मग काम कितीही घाईचं असो. दुपारभर झाडाखाली गोंडीत चर्चा चालली, त्यातला चारातला एक शब्द मला कळत होता. शेवटी ठरलं की पासवर्डलाही दोन कुलपं. पहिला अर्धा गायत्याचा, दुसरा अर्धा बाईंचा, आणि एकमेकांचा एकमेकांनी पाहायचा नाही. ते गृहस्थ हसले, आणि त्यांनी तसं करूनही दिलं. त्यांचं काय जात होतं?

गायता चौथी शिकलेला होता. बाईंना अक्षर येत नव्हतं. त्यांनी कीबोर्डवरच्या सहा जागा पाठ केल्या. रोवणीत बाया न बघता ठरल्या अंतरावर रोप खोचत जातात, तसं त्यांचं बोट त्या सहा जागांवर जायचं. कधी चुकलं नाही. मी वीस वर्षं टायपिंग करते आहे, मी चुकते.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगते. तो त्या बाईंसाठीच होता. जंगलातल्या तुकड्यावर त्यांचं वावर होतं. सासूनं कसलेलं, मग त्यांनी आणि नवऱ्यानं, आता त्या एकट्या. वनहक्काचा दावा केला होता, तो परत आला. कारण काय, तर मोजलेला नकाशा जोडलेला नाही. पुन्हा सुनावणी तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी होती. नकाशा नेला नाही तर दावा निकाली, म्हणजे वावर गेलं. कार्यालयातल्या बाबूंनी आधीच बजावलं होतं की मोबाईलवरचं चित्र चालणार नाही, छापील नकाशा हवा, दिशा, प्रमाण, कोपऱ्यांचे आकडे, सगळं हवं.

जीपीएसचं यंत्र एटापल्लीच्या एका संस्थेकडून दोन दिवसांसाठी मागून आणलं. बाईंबरोबर मी त्यांच्या वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, फिरले. ऊन होतं, मला घाई होती, माझी नजर यंत्रावर. कोपरा आला की बटण दाबायचं आणि पुढे. बाई मागून काहीतरी सांगत होत्या, मी ‘हो हो’ म्हणत होते. सगळे बिंदू संगणकात उतरवले आणि यंत्र परत केलं, तिथं दुसऱ्या गावाला देण्याआधी त्यातले बिंदू पुसले गेले.

नकाशाचा प्रोग्राम आणायला मी पेनड्राइव्ह घेऊन एटापल्लीला गेले. बस दिवसातून एकदा. कॅफेवाल्यानं सेटअपची फाईल दिली. शाळेत येऊन डबल क्लिक केलं, तर प्रोग्राम बसायच्या ऐवजी आतल्या शेकडो फायली गोणपाट फाटल्यासारख्या बाहेर पडल्या. ही फाईल विंडोजची, या संगणकाला ती चालत नाही, हे मला फोनवर त्या गृहस्थांनी सांगितलं. फोन लागायचा तोही तलावाच्या पाळीवर, तिसऱ्या पळसाखाली. तिथं उभं राहून ऐकायचं, लिहून घ्यायचं, शाळेत येऊन करायचं, चुकलं की पुन्हा पाळीवर. ते शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकत होते आणि शेळी मी होते.

दुसऱ्या फेरीत बरोबर जातीची फाईल आणली. ती म्हणाली, आधी अमुक तीन गोष्टी हव्यात. त्या आणल्या. त्या तिघी म्हणाल्या, आमच्याआधी आणखी दोन दोन. एखाद्या पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्यानं ताटावर बसण्याआधी म्हणावं की माझा मेहुणा आल्याशिवाय मी घास घेत नाही, आणि मेहुण्यानं त्याच्या मामाचं नाव घ्यावं, तसलं. चार वेळा मी त्या बसनं गेले. कंडक्टर मला ‘म्याडम, बसलं का तुमचं?’ म्हणून विचारायला लागला.

मी म्हटलं, कॅफेतच बसून नकाशा करून आणते, विषय संपेल. ग्रामसभा म्हणाली, नाही. मागे एकदा गावचे कागद कुणाच्या तरी टेबलावर गेले आणि तिथंच राहिले. गावचं मोजमाप गावच्या यंत्रात राहील. हे बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

आणि प्रत्येक पायरीला पासवर्ड. मोहाचे दिवस होते. गायता आणि बाई पहाटेच मोह वेचायला जायचे, ते दुपारी परतायचे. मग दोघांना निरोप. एक यायचा, दुसरा यायचा नाही. दोघं आले की पाणी प्यायचं, घाम पुसायचा, मग गायता खुर्चीवर बसायचा आणि बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. हेही ग्रामसभेनंच ठरवलेलं. पडद्यावर उघडणाऱ्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाकला की तिथं काही उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. यावरून गायत्याशी रोज वाद.

‘म्याडम, उमटून नाई राह्यलं.’

‘उमटत नाई भाऊ. पन आत जाते.’

‘दिसत नाई, मंग गेलं हे कसं समजाव?’

‘मी सांगून राह्यली ना!’

‘हो, पन मशीन नाई सांगून राह्यली.’ असं म्हणून तो तेच अक्षर पुन्हा, जोर लावून दाबायचा. मग बाई आपली सहा बोटं टाकायच्या, आणि यंत्र म्हणायचं, चूक. पुन्हा पहिल्यापासून. एकदा बरोबर टाकलं की पाच-दहा मिनिटं ते यंत्र पुन्हा विचारत नसे, पण तेवढ्यात मला फाईल सापडली तर शपथ. चहा पिऊन यावं तर पुन्हा दोघांना हाक. वर्गात मुलं पाढे म्हणत होती, बाहेर माणसं वाट बघत होती, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी, शिक्षा झालेल्या पोरासारखी.

त्या भिंतीवर आरसा होता. मुलांनी भांग पाडून वर्गात बसावं म्हणून मीच लावलेला. पहिल्या दिवशी मी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशीही. नंतर मिटायचं विसरले, असं मी स्वतःला सांगत असे. गायता तर अक्षरं ओठांनी पुटपुटायचा. आठवड्याभरात मला संपूर्ण पासवर्ड पाठ झाला होता आणि तो पाठ नाही असं मी अगदी मनापासून धरून चालले होते.

आता संगणकात नकाशाचे तीन प्रोग्राम झाले होते. पहिल्याच्या खणात बिंदूंची फाईल हलवल्यावर त्यात बाईंच्या वावराची हिरवी रेघ नीट उमटली होती, पण बाबूंना हवा तसा नकाशा तो छापेना. म्हणून दुसरा आणला, तो अर्धाच बसला आणि उघडायच्या आधीच बंद पडू लागला. तिसरा कशाचा आहे तेच मला कळलं नाही. जागा भरल्याची सूचना रोज यायची. सुनावणीला बारा दिवस राहिले होते. त्या दुपारी गायता दोन दिवसांसाठी सोयऱ्यांच्या गावी पंडुमला, म्हणजे नव्या फळांच्या पूजेला गेला होता. मी खोलीत एकटी होते. शनिवार, शाळा सुटलेली. त्या दुसऱ्या, अर्धवट प्रोग्रामकडे बघून माझं डोकं असं फिरलं, की मी खुर्चीवर बसले, पहिला अर्धा टाकला, दुसरा अर्धा टाकला. काही उमटलं नाही. पण आत गेलं.

यंत्रानं विचारलं. त्यानं व्यवस्थित विचारलं, हे मला आज कबूल करायला हवं. हे काढल्यास याच्याबरोबर खालील गोष्टीही जातील, अशी ओळ आली आणि खाली नावांची लांबच लांब यादी. आणखी खाली, त्यांनी साठवलेली माहितीही पुसायची का, असा चौकोन. मी जागा मोकळी करायला बसले होते. चौकोनात खूण केली आणि हो म्हटलं. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. सगळी यादी वाचायला दोन मिनिटंही लागली नसती.

यादीत नववं नाव पहिल्या प्रोग्रामचं होतं. हे मला नंतर कळलं, जेव्हा तो दिसेना. पेनड्राइव्हवरून मी तो परत बसवला. उघडला तर कोरा. हिरवी रेघ नाही, बिंदू नाहीत. नक्कल ठेवली होती का? पोरांच्या परीक्षेचे पेपर मी तीन ठिकाणी ठेवते. बाईंचं वावर मी एकाच ठिकाणी ठेवलं होतं.

माझे वडील सावलीच्या एका शाळेत शिपाई होते. आमच्या घरात अक्षर ओळखणारे ते पहिले. बुद्धविहारात रविवारी लोकांना पुस्तक वाचून दाखवायचे आणि आम्हाला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचे, वाचल्याशिवाय सही करायची नाही, समोर कलेक्टर असला तरी. वाणसामानाची पावतीसुद्धा ते वरपासून खालपर्यंत वाचत, आणि दुकानदार कंटाळून जाई. मी त्यांची मुलगी, बी.ए., डी.एड., आणि मी एक यादी न वाचता दुसऱ्याचं वावर पुसून टाकलं. मी त्या खोलीत बसून रडले. थोडं बाईंसाठी आणि बरंचसं स्वतःच्या अपमानासाठी, हेही खरं आहे.

दोन दिवस माझ्या मनात एकच चाललं होतं, की यंत्र बिघडलं म्हणून सांगावं. कुणाला कळणार होतं? सोलरवर ढकलता आलं असतं, ते तर नेहमीच बिघडलेलं असे. सोमवारी गायता आणि बाई आले. गायता खुर्चीवर बसला, बाई बाकावर. गायत्यानं बोट उचललं आणि मी म्हटलं, ‘भाऊ, थांबा.’ आणि सगळं सांगून टाकलं. बिंदू गेल्याचं सांगितलं, पासवर्ड मीच टाकल्याचं सांगितलं, आरशाचंही सांगितलं. गायत्यानं मागे वळून आरशाकडे पाहिलं. त्याला वावरापेक्षा हे जास्त लागलं, असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

बाई म्हणाल्या, ‘मशीननं तुमाले इचारलं नाई का?’

‘इचारलं होतं.’

‘का इचारलं?’

‘का हे काढलं तर याच्यासंग हे पन जाईल, थे पन जाईल. चालते का, म्हनून.’

‘मंग?’

‘मी हो म्हटलं.’

‘वाचलं नाई?’

‘नाई.’

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. ‘माहा दावा वापस आला, तवा मले कोनी इचारलं नाई,’ त्या म्हणाल्या. ‘का जाईल, का राहील, काई नाई. कागदच आला. तुमची मशीन बरी हाय म्याडम, पयले इचारते.’

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ओरडण्याला मी उत्तर देऊ शकते.

ग्रामसभा बसली. या वेळी मला कळावं म्हणून मराठीत बोलले, त्यानं तर आणखीच मेल्यासारखं झालं. वावर पुन्हा मोजायचं, आणि मोजताना मी असायचंच, असं ठरलं. आरसा व्हरांड्यात लावायचा. आणि पासवर्ड नवा, तीन तुकड्यांचा. पहिला गायत्याचा, दुसरा बाईंचा, तिसरा माझा. मला वाटलं होतं माझ्या हातातून तो संगणकच काढून घेतील. मी म्हटलं, ‘मले कायले? मी चोरून पाह्यलं ना!’

गायता म्हणाला, ‘म्हनूनच. तुमच्याबिगर होऊ नये, आन् तुमच्या एकटीनं पन होऊ नये.’

दोघांना जमवता जमवता माझ्या नाकी नऊ आले होते, आता तिघांना जमवायचं.

जीपीएसचं यंत्र दुसऱ्या गावातून मिळायला पाच दिवस गेले. सुनावणीला चार दिवस राहिले असताना आम्ही वावरात उतरलो. या वेळी बाईंनी यंत्र स्वतःच्या हातात घेतलं आणि पुढे चालू लागल्या. त्यांचा उजवा गुडघा दुखतो, त्या हळू चालतात. मी मागे. पहिल्या कोपऱ्यावर त्या थांबल्या. बटण दाबलं नाही.

‘हे मोहाचं झाड,’ त्या म्हणाल्या. ‘माह्या सासूनं राखलं. हे पन जाईल. वाचलं का?’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ‘वाचलं,’ मी म्हटलं. त्यांनी बटण दाबलं.

पुढे खोलगटात पावसाचं पाणी धरून ठेवणारी बोडी होती, दोघा नवराबायकोनं खोदलेली. ‘हे पन जाईल. वाचलं?’

‘वाचलं.’

बांधावर एक जागा होती, तिथं मला तरी काहीच दिसत नव्हतं, नुसतं गवत. ‘इथी माही धाकटी झाली. रोवना चालू होता. घरी जाच्या पयलेच झाली.’ आणि माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, वाचलं. वावरातून जाणाऱ्या नाल्यापलीकडच्या शेवटच्या कोपऱ्यावर एक उभा दगड होता, कमरेइतका, त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या नावानं रोवलेला. तिथं त्या काही म्हणाल्या नाहीत. मीच म्हटलं, ‘वाचलं, बाई.’

पहिल्या वेळी याच धुऱ्यानं मी अर्ध्या तासात फिरून आले होते. आता अख्खी सकाळ गेली. तो टोमणा होता की साधं बोलणं होतं, मला आजही ठरवता आलेलं नाही. शरम मात्र पुरेपूर वाटली.

नकाशा छापायचं राहिलंच होतं. मी तिसऱ्या पळसाखाली जाऊन त्या गृहस्थांना फोन लावला. ते म्हणाले, ‘छापण्याची सोय पहिल्याच प्रोग्राममध्ये आहे की! मांडणी नावाच्या यादीत बघा.’ पहिल्याच प्रोग्राममध्ये! मी ती यादी कधी उघडलीच नव्हती, कारण तिच्यावर छपाई असं लिहिलेलं नव्हतं. म्हणजे दुसरा आणि तिसरा आणायची गरज नव्हती, काढायची गरज नव्हती, त्यांच्यासाठी पुन्हा बसनं जायची तर मुळीच नव्हती. मी फोन ठेवला आणि तलावाकडे बघत काही शब्द बोलले, जे मी मुलांना बोलू देत नाही. ग्रामसभेला विचारून नकाशा पेनड्राइव्हवर घेतला, एटापल्लीत माझ्यासमोर छापून घेतला, नकला तीन ठेवल्या.

सुनावणीच्या दिवशी कार्यालयाच्या व्हरांड्यात खूप माणसं होती. बाईंचं नाव पुकारलं तेव्हा दुपार झाली होती. साहेबांनी नकाशा पाहिला, आकडे पाहिले, मान हलवली. मला हायसं वाटलं. बाबूनं एक छापील कागद पुढे सरकवला, शाईचा पॅड उघडला आणि म्हणाला, ‘इथं अंगठा.’

बाईंनी अंगठा मुठीत मिटला. ‘म्याडम, पयले वाचा.’

‘रुटीन आहे हो म्याडम,’ बाबू म्हणाला. ‘सगळ्यांचा तोच कागद आहे. बाहेर किती लोक उभे आहेत पाहा.’

मागची माणसं चुळबुळ करत होती. मला लाज वाटली आणि रागही आला. महिनाभर या बाईंनी मला छळलं होतं आणि आता साहेबांसमोर उभं करून वाचायला लावत होत्या. पण मी वाचलं. मोठ्यानं, वरपासून. अर्जदार अमुक, गट अमुक, चतुःसीमा अमुक. शेवटच्या आधीची ओळ होती, की नाल्याच्या पूर्वेकडील क्षेत्रावर अर्जदाराचा कोणताही हक्क राहणार नाही व ते अर्जदारास मान्य आहे.

‘नाल्याच्या तिकडं का हाय?’ बाईंनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. त्या मला विचारत होत्या.

मी नकाशावर बोट ठेवलं. ‘दगड हाय,’ मी म्हटलं. आणि मग साहेबांकडे वळले. माझा आवाज चढला होता, पण तो चढू दिला. ‘साहेब, ही ओळ राहिली तर अंगठा मिळणार नाही.’

तासभर गेला. छापील कागद असतो, बदलता येत नाही, इथपासून पुढच्या तारखेला या, इथपर्यंत सगळं झालं. बाई बाकावर बसल्या होत्या, अंगठा मुठीत. शेवटी साहेबांनी नकाशा पुन्हा ओढून घेतला, नाल्यापलीकडचे बिंदू स्वतः मोजले, ती ओळ पेनानं खोडली आणि शेजारी सही केली. मी ती सहीसुद्धा वाचली. मग बाईंनी मूठ उघडली.

पुढच्या वर्षी वावराच्या हक्काचा पट्टा आला, दगडासकट. पेटीत आहे, दोन कुलपांच्या आत.

संगणक अजून चालतो आणि अजून माझं डोकं खातो. परवा एक जुना प्रोग्राम काढायचा होता. गायता आला, त्यानं आपली अक्षरं जोर लावून दाबली. बाईंनी सहा जागा दाबल्या. मी माझा तुकडा टाकला. यादी आली, एकोणचाळीस नावं, सगळी इंग्रजी, त्या दोघांना एकाचाही अर्थ कळत नाही आणि मलाही फारसा नाही. तरी वाचावी लागते. मोठ्यानं, एक एक. बाहेर मुलांचा दंगा चालला होता, माझी भाजी घरी करपत असणार होती, आणि मी वाचत होते.

एकोणचाळिसावं नाव झालं. बाईंनी विचारलं, ‘माहं वावर नाई ना त्याच्यात?’

‘नाई, बाई.’

‘मंग काढून टाका.’